वायरींची वेणी
आमच्या ह्यांना नीटनेटकेपणाचं वेड आहे. मोज्यांनासुद्धा इस्त्री करणारा माणूस! निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीतल्या धातू कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला मोटरी बसवून ते कॉम्प्युटरवर चालवायचा खटाटोप मांडलाय. पण मशीन मध्येच थांबायचं. मशीनचं सरकतं टेबल कडेला पोचल्याचं सांगणारं बटण कुणी न दाबताच 'पोचलं, पोचलं' म्हणून बोंबलायचं. खापर मात्र माझ्या मिक्सरवर! नाचता येईना, अंगण वाकडं. मी मुकाट्याने खलबत्त्यात कुटत बसले, तरी मशीन थांबतच होतं.

शेवटी इलेक्ट्रिशियन दिराने आत डोकावून कपाळावर हात मारला. मोटरीच्या आणि बटणाच्या वायरी ह्यांनी एकत्र वेणी घालून बांधल्या होत्या.

"दादा, मोटरीच्या करंटमुळे बटणाच्या वायरीत खोटा इशारा उठतोय. ह्या लांब लांब ठेव."

वेणी सोडली, वायरी लोंबत्या ठेवल्या, आणि मशीन दिवसभर बिनतक्रार चाललं.

आज सकाळी ते पुन्हा थांबलं. जाऊन बघते तर वायरींची वेणी पुन्हा घातलेली!

"लोंबताना बरं दिसत नव्हतं," हे म्हणाले. मग माझ्याकडे संशयाने बघत विचारलं, "तू मिक्सर लावला होतास का?"