खानावळवाल्या अक्काची साक्ष

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. धुळे जिल्ह्यातल्या एका कोठडीतला तो मृत्यू मात्र विसरता आला नाही.

विहिरीवरची पाणी उपसायची मोटार चोरल्याच्या संशयावरून एका शेतमजुराला ठाण्यात आणलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. अंगावरच्या जखमा पडल्यामुळे झाल्या, अशी नोंद झाली.

पुढे वरिष्ठांकडे परदेशातून पत्रं येऊ लागली. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एका संस्थेने आपल्या सदस्यांना या एका माणसासाठी लिहायला सांगितलं होतं. मी तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात, चाळीसगावला पोलीस अधिकारी होतो. चौकशी माझ्याकडे आली.

संस्थेची एक कार्यकर्ती आधीच गावात राहून गेली होती. खरं सांगतो, मला तिचा राग होता. बाहेरचे लोक खात्याला बदनाम करतात, असंच मी मानायचो. तिने वरिष्ठांकडे पाठवलेली फाईल नाइलाजाने उघडली. आत खानावळवाल्या अक्काचा जबाब होता. कोठडीतल्या आरोपींचा डबा ही अक्का आणायची. ठाणे दैनंदिनीत रोज लिहिलं होतं, 'आरोपीस जेवण दिले, प्रकृती ठीक.' अक्का म्हणत होती, दुसऱ्या दिवसापासून डबा जसाच्या तसा परत आला.

मी तिला गाठलं. "आमच्या लोकांना का नाही सांगितलं, अक्का?"

"माले कोनी इचारंच नही, भाऊ."

मग त्या ठाण्यातल्या हवालदाराला बोलावलं. तो पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेला माणूस. दैनंदिनी समोर ठेवली.

"नोंद तुमच्या हातची?"

"हो, साहेब."

"मग डबा परत का गेला?"

त्याने दैनंदिनी मिटली. मग रडायलाच लागला. "त्याला बसता येत नव्हतं, साहेब. पाणी मागत होता. दवाखान्यात नेलं असतं तर मार दिसला असता. ठाण्याचे मोठे साहेब लिही म्हणाले, मी लिहिलं."

ठाण्याचे साहेब आणि हा हवालदार, दोघांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. मोटारही सापडली. विहिरीच्या मालकाच्या भावानेच ती न सांगता दुसऱ्या विहिरीवर नेली होती.

हे सांगायला मी त्या मजुराच्या बायकोकडे गेलो. कापूस वेचता वेचता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मना नवरा चोर नव्हता, हाई लिखं का तुमी?"

दोषारोपपत्रात मारणाऱ्यांबद्दल सगळं होतं, हे एक वाक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेवढंच एका कागदावर लिहून, सही-शिक्का करून नेलं. तिने कागद हातात घेतला नाही.

"गावमा वाचा," म्हणाली.

चावडीपुढे गणवेशात उभा राहून मी तो वाचला. ज्याला कुणी विचारलं नाही त्याला आधी विचारावं, हे मी त्या परक्या बाईच्या फाईलमधून शिकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर शिकलो, आणि एका माणसाचा जीव गेल्यावर.