बारा व्होल्टपुढचा आकडा

मुरबाडच्या स्टँडमागचा रेडिओवाला जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर अ‍ॅम्प्लिफायर चालवून द्यायचा. सप्लायवरचं लेबल गिऱ्हाइकाला बोट ठेवून वाचायला लावायचा.

"वैनी, अडीचशे वॅट सगळ्या तारांचे मिळून. बारा व्होल्टपुढं दहा अँपिअर लिवलंय, तेवढंच आपलं. दोनच्या वर स्पीकर जोडायचे नाय."

घरी ह्यांना मी तसंच सांगितलं.

"चौथी शिकून मला शिकवतेस काय गो?" म्हणत ह्यांनी चार जोडले. पुतणीच्या लग्नात सप्लाय जळाला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानासमोर त्याला चोर म्हटलं. माणसं जमली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"सांगायचं माझ्याकडूनच राहिलं," तो म्हणाला.

खरं बोलला असता तर घरी मला काय भोगावं लागलं असतं, ते त्यानं ओळखलं होतं. नंतर आमच्या गावातलं कोणी त्याच्याकडे गेलं नाही. मीही नाही.