राधिकाच्या घरात गहू नाही

राधिका राऊत बारीकसारीक गोष्टीवरून डोक्यात राख घालून घ्यायची, आणि वसईजवळच्या सांडोर गावात तिचं त्याबद्दल कौतुकच होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी केळीचे घड चोरणाऱ्या दोघांना तिनं कुंपणापाशी गाठलं आणि बांबूनं असं झोडपलं, की एकाचा दात तिथंच गळून पडला. सासूबाई, म्हणजे मंदाबाई, तो दात आठवडाभर आल्यागेल्याला दाखवत होत्या. चांदीपची पोर आहे, भातशेतीत वाढलेली, तिच्या वाटेला जाऊ नका, असं मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. नवरा यतीन म्हणजे गरीब गाय. केळी नि सोनचाफा बाजारात घालायचा, घरी यायचा, ताटात पडेल ते खायचा. घरात आवाज असायचा तो राधिकाचाच.

या रागाला खरं काम मिळालं ते इशिताच्या दुखण्यानं. पोरगी आठ वर्षांची आणि वजन सतरा किलो. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, कोपरांवर सतत खाज, कंगव्यात केसांचे पुंजके. चार वर्षं जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, मंदाबाईंचा नवस बोलून झाला. शेवटी वसईतल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली आणि सांगितलं, सीलिॲक आहे. गव्हातलं ग्लुटेन हिचं आतडं आतून सोलून काढतंय. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं जन्मभरासाठी बंद. चिमूटभरसुद्धा चालणार नाही. असंच चालू राहिलं तर पोरीची वाढ इथंच खुंटेल, आणि त्यापुढं काय होऊ शकतं ते त्यांनी इशिताला बाहेर बसवून सांगितलं.

दुसरी एखादी रडली असती. राधिकानं घरी येऊन कणकेचा डबा अंगणात उपडा केला. रव्याची पिशवी दातांनी फाडली, शेवया पायाखाली चुरडल्या, बिस्किटांचे पुडे शेजारच्या फेलिशियाबायच्या कोंबड्यांपुढं भिरकावले. लाकडाच्या फटीत कणीक राहते असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून पोळपाट कुऱ्हाडीनं फोडला. तो मंदाबाईंच्या माहेरचा होता. त्यांनी ढलप्या गोळा करून बंबापाशी ठेवल्या, इतकंच.

मग गिरणीची पाळी आली. आधी गिरणी साफ कर, मग माझे तांदूळ घाल, असं तिनं बजावून सांगितलं होतं. गिरणीवाल्यानं कोणाच्या तरी गव्हामागून तसेच ओतले, आणि वर म्हणाला, एवढ्याशा पिठानं कोण मरतंय. राधिकानं भरलेला डबा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली, पांढऱ्या पिठावर रक्ताचे थेंब पडले, रांगेतल्या बायका पळाल्या. प्रकरण पोलिसांत जायचं, ते यतीननं हातापाया पडून मिटवलं आणि मुकाट्यानं घरघंटी विकत आणली. तेव्हापासून तो पाव बाहेरच खायचा, आणि आत येण्याआधी अंगणातल्या नळावर चूळ भरून कोपरापर्यंत हात धुवायचा. स्वतःच्याच घरात शिरायला बिचाऱ्याला भीती वाटायची.

पहिल्याच महिन्यात मंदाबाईंच्या हातून चूक झाली. पोर हुंदके देऊन रडायला लागली, म्हणून त्यांनी तिला नानकटाई दिली. अर्धीच. राधिकानं ते पाहिलं. पोरीच्या तोंडात बोटं घालून घास बाहेर काढला, मग सासूची ट्रंक ओढत अंगणात नेली आणि एकेक वस्तू फेकली. लुगडी गेली, गुडघ्याचं तेल गेलं, सासऱ्यांची तसबीर गेली. तसबिरीची काच फुटली. मंदाबाईंनी त्या फुटक्या काचेवर हात ठेवून शपथ घेतली, की पुन्हा गव्हाचा कण पोरीला देणार नाही. बोटातून रक्त आलं तरी हात काढला नाही. राधिकाचं समाधान झालं नाही ते नाहीच. तिनं सासूला स्वयंपाकघराची बंदी केली. चाळीस वर्षं ज्या बाईनं तिथं रांधलं, तिनं आता पाण्याचा तांब्याही मागून घ्यायचा.

सहा महिने असे गेले. घरात गहू औषधालाही उरला नव्हता. पोर भात खायची, तांदळाची भाकरी, नाचणीचं सत्त्व, मासे खायची. तरी पोट दुखायचंच. दुखायला लागलं की राधिका हातातलं काम टाकायची, पोरीला मांडीवर घ्यायची, ताकात हिंग घालून घोट घोट पाजायची, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायची. तिच्या आईनं तिला हेच केलं होतं, आणि आजीनं आईला. पोर डोळे मिटेपर्यंत ती जागची हलायची नाही. गिरणीवाल्यानं तिला तशी पाहिली असती तर ओळखली नसती.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला राधिका एकटीच गेली. रक्तातला दुखण्याचा आकडा होता तिथंच होता, आणि वजन अर्ध्या किलोनं उतरलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "कुठून तरी गहू जातोय. रोज जातोय. शोधून काढा, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

राधिकाला शोधायची गरजच वाटली नाही. स्कूटर फाटकाशी टाकून ती तशीच केळीच्या वाडीत शिरली. भरदुपार होती. वाडीच्या टोकाला बावखल आहे, पावसाचं पाणी साठवायचं जुनं दगडी तळं. त्याच्या काठावर मंदाबाई तीन दगडांची चूल मांडून बसल्या होत्या आणि शेजारी इशिता केळीच्या पानातून काहीतरी गरम गरम खात होती. सुनेची चाहूल लागताच मंदाबाईंनी ते पान पदराखाली घेतलं. तेवढं पुरलं.

रागात राधिकाची जीभ सासरचं वळण सोडून थेट चांदीपला जायची. "कोन घालतंय ते आज कळलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा जीव घेताय तुम्ही."

आणि तिनं सासूच्या थोबाडीत मारली. एक मारली, मग दुसरी. मंदाबाईंनी हात वर केला नाही, पदर तेवढा घट्ट धरून ठेवला. अजून लपवतायत म्हणून राधिका आणखी पेटली आणि दोन्ही हातांनी तिनं त्यांना ढकललं. सहासष्ट वर्षांची बाई ती, वजन ते काय असणार. तळ्याच्या पायऱ्यांवरून खाली गेली. पहिल्या पायरीवर मनगट मोडल्याचा आवाज झाला, दुसरीवर कपाळ आपटलं, आणि पाण्याच्या कडेला त्या तशाच पडून राहिल्या. कपाळातून रक्त वाहत बावखलात उतरायला लागलं.

"मम्मी, तांदळाची आहे," इशिता म्हणाली. ती किंचाळली नाही, रडलीही नाही. "पानगी आहे. आजीनं जात्यावर दळलं पीठ."

खरंच होतं ते. माळ्यावर पडलेलं जातं मंदाबाईंनी उतरवलं होतं, तीन पाण्यांनी धुतलं होतं, उन्हात वाळवलं होतं आणि त्यावर तांदळाशिवाय दुसरा दाणा पडू दिला नव्हता. पोरीच्या तोंडाला चव यावी म्हणून गूळ घालून पानगी करायच्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायची सोय नाही, म्हणून वाडीत. आणि लपवायच्या कशापायी, तर सुनेच्या भीतीपायी. म्हातारी सुनेपेक्षा काकणभर जास्तच सोवळं पाळत होती.

फेलिशियाबायनं गाडी काढली. यतीन बाजारातून धावत दवाखान्यात आला, त्यानं आईचं कपाळ पाहिलं, पोरीचा चेहरा पाहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बायकोवर हात उगारला. टाके घालून घेता घेता मंदाबाई म्हणाल्या, शेवाळावरून पाय घसरला माझा. डॉक्टरांनी खोदून विचारलं तरी तेच. यतीनचा हात खाली आला. कोणाचा विश्वास बसला नाही, पण कोणी खोडूनही काढलं नाही.

आता राधिकाला पश्चात्ताप झाला का? झाला. रात्रभर ती खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली. पण खोटं कशाला बोलायचं, संशय काही मनातून गेला नव्हता. आज पानगी असेल, काल काय होतं कोणाला ठाऊक. एकदा एखाद्याला चोर ठरवलं, की तो पूजा करताना दिसला तरी माणूस देवाच्या चांदीकडे बघतं. त्यातच राधिकाच्या मनात एक हिशेब होता. सासूबाई प्लास्टर घालून खाटेवर, म्हणजे पोरीच्या पोटात आता फक्त आईच्या हातचं जाणार. महिनाभरात सगळं स्पष्ट होईल.

स्पष्ट झालं, पण भलतंच. दहा दिवसांत पोर आडवी झाली. जुलाब थांबेनात, उलट्या थांबेनात, शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडली ती गुडघे फोडून घेऊनच घरी आली. जितकं दुखणं वाढलं तितकं राधिकानं हिंग-ताक वाढवलं. दिवसातून एकदाचं तीनदा झालं, मग चारदा.

डॉक्टरांनी तिला आहार सांगणाऱ्या बाईंकडं पाठवलं. सुझान नाव तिचं, पंचविशीतली पोरगी. तिनं वही उघडली आणि सकाळी उठल्यापासून इशिताच्या तोंडात जे जे जातं ते ते सांगायला लावलं. राधिकानं घडाघडा सांगितलं. तांदूळ कुठला, घरघंटी कोणाची, मीठ कुठलं, मसाला कोणी कुटला, सगळं. तिच्यात खोट काढेल असा माणूस अजून जन्मायचा होता. सुझाननं विचारलं, औषधं कोणती? राधिका म्हणाली, औषध काही नाही, पोट दुखलं की हिंग-ताक तेवढं देते.

"हिंग कुठला?"

"किराणावाल्याकडचा. सुटा. वास चांगला असतो."

सुझाननं पेन खाली ठेवलं. "ताई, नुसता हिंग फार कडक असतो, तसा तो वापरता येत नाही. म्हणून त्यात पीठ कालवतात. बऱ्याच ठिकाणी ते गव्हाचंच असतं. कधी कधी हिंग कमी नि पीठच जास्त."

राधिका म्हणाली, चिमूटभरच घालते. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरानंच संन्याशाला फाशी दिली होती. त्या इमारतीच्या जिन्यात राधिकानं स्वतःच्या तोंडात मारायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, ओठ फुटेपर्यंत, मग भिंतीवर कपाळ. खालच्या औषधांच्या दुकानातली माणसं धावत आली, दोघांनी तिचे हात धरले, एकानं पाणी आणलं. ताई, घरात कोणी गेलं का, असं ते विचारत होते.

घरी येऊन ती सरळ सासूच्या खाटेपाशी गेली. सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. सहा महिने मीच घालत होते, आई, माझ्या हातानं, मांडीवर घेऊन. मग मंदाबाईंचा चांगला हात धरून तिनं स्वतःच्या गालावर मारून घेतला. "मारा मला," ती म्हणाली. "तुम्ही मारल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

मंदाबाईंनी हात सोडवून घेतला. कपाळावर टाक्यांचे वण अजून काळे होते. त्यांनी सुनेच्या फुटलेल्या ओठाकडं पाहिलं.

"नाही मारणार," त्या म्हणाल्या. "मारलं की फिटंफाट होते. तू मोकळी होशील, उद्या विसरशील. मला ती फिटंफाट करायची नाही." मग त्यांनी भिंतीकडं कूस वळवली. तिकडूनच म्हणाल्या, "पोरीला पेज कर. मीठ घाल, बाकी काही घालू नकोस."

हिंग गेला. प्लास्टर निघाल्यावर मंदाबाई पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या, त्यांना बोलवायला राधिकाच गेली होती. मनगट वाकडंच जुळलं, त्यामुळे भाकरी थापताना त्यांना डाव्या हाताचा आधार घ्यावा लागतो. सासू-सुनेत भांडण नाही, फार बोलणंही नाही. राधिका आता आवाज चढवत नाही. सांडोरच्या लोकांना वाटतं, बाई निवली.

परवा नवा रिपोर्ट आला. आकडा अर्ध्याच्याही खाली उतरलाय, वजन चार किलोनं वाढलंय. डॉक्टर म्हणाले, शाबास, अशीच चिकाटी ठेवा. राधिका फाटकापासून पळत घरात आली. इशिता ओसरीवर गणितं सोडवत बसली होती. गाल भरलेत तिचे आता, आणि केस इतके दाट झालेत की वेणी मुठीत मावत नाही. राधिकाला राहवेना. त्या केसांवरून फिरवायला म्हणून तिनं हात उचलला.

पोरीच्या हातातली पेन्सिल पडली. तिनं डोळे मिटून मान गुडघ्यांत घातली आणि दोन्ही कोपरं डोक्यावर धरली.

"मी काहीच नाही खाल्लं, मम्मी," ती म्हणाली.