विंध्य प्रदेशात दिलेली मुलगी

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

परवा तुमच्यातल्या धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू मूळची कुठल्या राज्यातली?" शाळेसाठी तिला घराण्याचा नकाशा रंगवायचा होता. मी सांगितलं, जन्म मुंबई इलाख्यात, लग्न विंध्य प्रदेशात, संसार मध्य प्रदेशात आणि म्हातारपण महाराष्ट्रात. ती म्हणाली, "बाप रे, किती घरं बदललीस!" अगं, घर मी दोनदाच बदललं, जाताना आणि परत येताना. बाकीची बदलाबदल सरकारने केली. हे फोनवर समजावता येईना, आणि तेव्हाचं पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून पाठवते.

आमचं घर कल्याणचं. जंक्शनच्या गावातल्या माणसांना आपण जगाच्या मध्यावर राहतो असं वाटतं, आणि आमच्या घरात तर त्याबद्दल शंकाच नव्हती. कल्याणहून रूळ दोन दिशांना फुटतात, म्हणून आमच्या लेखी हिंदुस्थानचेही दोनच भाग होते. शहाड गेलं की उत्तर हिंदुस्थान सुरू, तो थेट काशीपर्यंत. अंबरनाथ मागे पडलं की दक्षिण. पूर्व ही दिशा फक्त सूर्याच्या सोयीसाठी होती. पश्चिमेला मुंबई, तो काही प्रांत नव्हता, ती नोकरी होती.

शाळेत अर्थात वेगळा भूगोल शिकवत. भिंतीवरच्या नकाशात इंग्रजांचा मुलूख गुलाबी आणि संस्थानं पिवळी. माझ्या मॅट्रिकच्या सुमाराला संस्थानं इतक्या भराभर विलीन होऊ लागली, की बाई पुस्तकातली निम्मी नावं खोडायला लावत आणि उरलेली पाठ करायला. परीक्षा येईपर्यंत उरलेल्यांतलीही काही गेली. वर्गातल्या आळशी मुली दूरदृष्टीच्या ठरल्या. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले. नकाशातून गेलेला सिंध दारावर पापड विकायला आला. आमच्याकडे पापडांची चर्चा पुष्कळ झाली. ती माणसं किती गाड्या बदलून इथवर आली, हे कुणीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण गाड्या मोजणं हा तर आमच्या घरचा धर्म होता.

तो धर्म आत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. तिचा नियम असा, की मुलगी अशा गावी द्यायची जिथे कल्याणला गाडीत बसलं की थेट उतरता येईल. मैल तिच्या हिशेबात नव्हते. मधे एकदा गाडी बदलावी लागली तर गाव लांब, दोनदा बदलावी लागली तर ते गाव नव्हेच. या हिशेबाने दिल्ली आम्हाला जवळ होती आणि रूळ नसलेलं शेजारचं मुरबाड लांब. सगळे तिला मागे हसत. तोंडावर हसत नसत, कारण तिचं स्वतःचं लग्न कोकणात, खाडीपलीकडच्या खेड्यात झालं होतं. तिची आई गेली तेव्हा बैलगाडी, होडी, बोट आणि मग आगगाडी असं करत ती कल्याणला पोहोचली, तोवर तेरावाही उरकला होता.

बी.ए. झाल्यावर मला दोन स्थळं आली. मला शाळेत शिकवायचं होतं. वडील म्हणत, "सासरचे हो म्हणाले तर शिकव." म्हणजे माझी सगळी विद्या अजून न ठरलेल्या सासूच्या ताब्यात.

पहिलं स्थळ अलिबागचं. घर, नारळी, सुपारी, वकील मुलगा. त्याच्या आईने चहा पिताना सांगितलं, "डिग्री आहे ते छानच. कपाटात राहील. काही खायला तर मागत नाही!" सगळे हसले. मी बशा उचलल्या.

दुसरं स्थळ सतन्याचं. मुलगा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, आईवडील नाहीत. तो फार बोलला नाही. जाता जाता म्हणाला, "तिकडे मुलींना इंग्रजी शिकवायला माणूस मिळत नाही. या शिकवणार असतील तर गावावर उपकार होतील." तेच तुमचे आजोबा. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

बैठक बसली. ठाण्याहून नौपाड्यातले काका आले. ते कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे देशाची राज्यव्यवस्था त्यांनी स्वतः लावल्यासारखी त्यांना पाठ होती.

"सतना? म्हणजे विंध्य प्रदेश," काका म्हणाले. "क वर्गातलं राज्य आहे ते."

"क वर्ग म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"आपलं मुंबई राज्य अ वर्गात. मग ब. मग क. आता तूच समज. आपली मुलगी काय थर्ड क्लासात बसवायची?"

वडिलांनी माझा शाळेतला ॲटलास मागवला आणि जमिनीवर उघडला. अलिबाग कल्याणपासून नखाएवढं दूर. सतना गाठायला वडिलांची वीत पुरेना.

"बघ अक्का," वडील म्हणाले, "अलिबाग अगदी नाकासमोर आहे."

आत्याने ॲटलासकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागदावर काय रे, बोट ठेवलं की पोहोचलं. मला सांग, जायचं कसं?"

माझ्या भूगोलाचा उपयोग झाला तो एवढाच. कुणी बोलायच्या आत मी सांगून टाकलं, "इथून बोरीबंदर, मग ट्रॅमने धक्क्यावर. तिथून लाँच. पलीकडे उतरून मोटार. पावसाळ्यात लाँच बंद."

"बंद?" वाती वळणारा आत्याचा हात थांबला. "बंद म्हणजे मुलगी तिकडेच?"

"पनवेलवरून मोटारी आहेत की, अक्का," काका घाईघाईने म्हणाले.

"तू गप्प बस. आणि ते दुसरं?"

"कल्याणला कलकत्ता मेलमध्ये बसायचं," मी म्हटलं. "सतन्याला उतरायचं."

"मधे?"

"मधे काही नाही. भुसावळ, जबलपूर... पण आपण बसलेलेच."

आत्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे जवळच की! आणि तुम्ही दोघं पोरीला समुद्रापार लोटायला निघाला होतात?"

काका म्हणाले, "अक्का, तिकडची भाषा वेगळी, पाणी वेगळं, राज्य वेगळं..."

"राज्य काय पुजायचंय?"

त्यावर अ वर्ग, ब वर्ग आणि क वर्ग तिन्ही गप्प झाले. अशा रीतीने, मी समुद्रापार पडू नये म्हणून, मला विंध्य पर्वताच्या पलीकडे देण्यात आलं.

सतन्यात मी आमच्या ओसरीवर चार मुलींना घेऊन इंग्रजीचा वर्ग सुरू केला. अलिबागच्या कपाटाचं काय झालं मला ठाऊक नाही. छप्पन्न साली दिवाळीला कल्याणला आले होते, तेवढ्यात सरकारने राज्यांची पुनर्रचना केली आणि विंध्य प्रदेश मध्य प्रदेशात विरून गेला. इकडे मुंबई राज्य कच्छपासून नागपूरपर्यंत फुगलं, फक्त मराठी माणसांचं वेगळं राज्य तेवढं झालं नाही. काका आधीच त्यामुळे संतापलेले. त्यांना माझ्यावर राग काढायची संधी मिळाली.

"घ्या! तुझं सासर गेलं. आहे कुठे आता विंध्य प्रदेश?"

आत्या करंज्या तळत होती. तिने झारा बाजूला धरून मला विचारलं, "का गं, आता मधे गाडी बदलावी लागते?"

"नाही, आत्या."

"मग याला काय झालंय बोंबलायला?"

आता आत्या नाही, काका नाहीत, तुमचे आजोबा नाहीत. विंध्य प्रदेश नकाशात नाही आणि ते मुंबई राज्यही नाही. ओसरीवरच्या वर्गाची पुढे मुलींची शाळा झाली. ती सतन्यात आहे आणि अजून रोज भरते.