तागडीत बसलेली लेक

खंडोबावर माझी श्रद्धा होती, पण व्यापाऱ्याची. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात माझ्या सात वर्षांच्या तानीला खरूज झाली, अंगभर पू धरला. लेक बरी झाली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन, असा नवस मी बोललो. फोड सुकले आणि आठ-दहा दिवसांत पोरीचे गाल, पापण्या, पाय भरून आले. "बाळसं धरलं!" म्हणून मी गावभर मिरवलो. बायको सांगत होती, पोर डोकं धरून पडून असते, लघवी चहासारखी होते. मी म्हणालो, "तुला लेकीचं चांगलं बघवत न्हाई व्हय?" असली अक्कल देव एकाच माणसाला का देतो, कोण जाणे.

फोड सुकत होते तेव्हाच गुऱ्हाळावर तानीचं वजन करून मी तेवढाच गूळ बाजूला काढला होता. देवळात तागडी टांगली, तर तानीचं पारडं जमिनीवरून उठेना. मी हसत ओरडलो, "देवानं नवसाच्या वर दिलं!" सगळे हसले. पायरीवरचा एक म्हातारा धनगर तेवढा हसला नाही. त्यानं जवळ येऊन तानीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडूनच राहिला.

"पावणं, हे मांस न्हवं, पाणी हाय. मेंढराच्या जबड्याखाली असंच धरतं."

"आवं म्हातारबा, माझी लेक काय मेंढरू हाय?"

"मेंढरू असती तर मी तुमाला इचारत बसलो नसतो." त्यानं तानीला खांद्यावर घेतलं आणि सांगलीच्या एस.टी.कडं चालू लागला. मी शिव्या देत मागून गेलो.

सांगली यायच्या आत तानी मला म्हणाली, "दादा, दिसंना." मग तिला झटके आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब भयंकर वाढला होता, मूत्रपिंडांना सूज होती, हृदयावर ताण आला होता. सगळं त्या खरजेतून आलेलं. मी तिथंही शहाणपणा केला, "साहेब, रक्तदाब हा तर गादीवर बसणाऱ्या शेठजींचा आजार!" ते एवढंच म्हणाले, "लघवी अडलीय. ती सुटली तर पोर वाचेल."

दोन दिवस सुटली नाही. शेजारच्या खाटेवर जतकडचा, तसाच सुजलेला मुलगा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला चादरीत गुंडाळून नेलं. त्याची आई त्याच्या सदऱ्याची घडी घालत बसली होती. मी नवस बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या माउलीनं काय कमी नवस केले असतील? मग म्हणालो, "देवा, ही तुझीच. ठेवायची तर ठेव." आणि स्वभाव जात नाही म्हणून पुढं जोडलं, "जमलं तर तेवढी लघवी होऊ दे." जमीन, मुलगा, उसाला भाव, काय काय मागून झालं होतं; इतक्या कळवळ्यानं काहीच मागितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तानीनं हाक मारली. मी पांढरं भांडं दोन्ही हातांनी तीर्थासारखं धरलं.

"दादा, तिकडं तोंड करा की!"

मी भांडं तिच्याखाली सरकवून तोंड फिरवलं. समोर ती रिकामी खाट होती. पायरीवर बसलेला तो धनगर दवाखान्याच्या दारातून गेला तो पुन्हा दिसला नाही; तो माणूस होता की देव, यावर मी वाद घालत नाही. माझीच लेक का राहिली, हेही मला कळलेलं नाही. माझ्या हुशारीनं राहिली नाही, एवढं पक्कं. मागं भांड्यात आवाज झाला, आणि मी त्या खाटेकडं बघत हात जोडले.