शववाहिनीला पिकअप नाही

रुग्णालयाच्या शववाहिनीचा ड्रायव्हर गाडी इतकी हळू चालवायचा, की सगळे त्याला 'सावकाश'च म्हणत. मागे निजलेल्याला कुठे पोचायची घाई नसते, सोबत बसलेल्यांना तर नसतेच नसते, असं तो म्हणायचा. रुग्णालय ते स्मशान आणि स्मशान ते रुग्णालय. इतक्या वर्षांत त्यानं गाडी तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच नेली होती.

त्याचे वडील गेले तेव्हाही गाडी त्यानंच चालवली. दुसरा ड्रायव्हर म्हणाला, "आज तू मागे बस, मी नेतो." सावकाशनं चावी दिली नाही. हातापायांना त्यांची कामं ठाऊक होती, ती त्यांनी केली. परत आल्यावर त्यानं मागचा पत्रा धुतला, फडकं पिळून वाळत घातलं, घरी जाऊन जेवला. आता रडतील, मग रडतील, म्हणून बायको आगेमागे घुटमळत राहिली. तोही वाट बघत होता. रडू काही आलं नाही.

"असे काय बसता हो, परक्याच्या घरी आल्यासारखे?" एकदा ती म्हणाली.

त्यानं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

पुढच्याच महिन्यात एका दुकानदाराच्या आईला नेताना गाडीनं दगा दिला. स्मशानाच्या अलीकडे चढ आहे. अर्ध्या चढावर सावकाशनं अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला, तरी गाडी पुढे सरकेना. मागून काळा धूर निघाला, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. त्यानं हँडब्रेक ओढला.

"खाली उतरून जरा हात लावावा लागेल," तो म्हणाला.

मुलगे, जावई, पुतणे, सगळे चांगल्या कपड्यांनिशी ढकलू लागले. ढकलता ढकलता दुकानदाराला हसू फुटलं. "जन्मभर हिनं आम्हाला पुढे ढकललं," तो भावाला म्हणाला, "आता आमची पाळी." हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि गाडीच्या दाराला कपाळ टेकून तो ओक्साबोक्शी रडला. सावकाश आरशात बघत होता. असं येतं तर, त्याला वाटलं. एखाद्याला गाता येतं, आपल्याला येत नाही, असंच काहीसं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री शाळेपासूनचा दोस्त, एकाच बाकावरचा.

"काय सावकाशराव, हिला काय झालं?"

"पिकअपच नाही. चढावर ओढत नाही."

मिस्त्रीनं आधी एअर फिल्टर काढला. तो धुळीनं माखला होता, नवा बसवला. फरक नखाएवढा. डिझेलचा फिल्टर स्वच्छ निघाला. क्लच घसरतोय का तेही पाहिलं, नव्हता घसरत. गाडी जॅकवर घेऊन चाकं हातानं फिरवली; ब्रेक कुठे धरून ठेवत नव्हते. मिस्त्री खाली पाटावर बसला आणि डोकं खाजवू लागला.

"हे कधीपासून रे?"

"बाबांना नेलं त्या दिवशीही चढावर अशीच जड झाली होती. मला वाटलं, माझाच पाय दाबत नाहीये."

मिस्त्री उठला. गाडीखाली सरकून त्यानं सायलेन्सरच्या अलीकडचा जोड सैल केला. "कर सुरू. दे जोरात." कान फाटेल असा आवाज झाला, पण इंजिन मोकळं बोलू लागलं. मिस्त्री बाहेर आला तो खुशीत.

"धूर बाहेर जायला वाटच नव्हती. जन्मभर हळू चालवलीस, काजळी धरली सगळीकडे." त्यानं सायलेन्सर काढून जमिनीवर आपटला, तसे आतून काळे पोपडे पडले. तो काही वाचण्यातला नव्हता, नवा घातला. पुढचे पाइप खरवडून घेतले. मग तो सावकाशच्या शेजारी चढून बसला. "चल मोठ्या रस्त्याला. उरलेली काजळी पळवल्याशिवाय जायची नाही."

सावकाशचा पाय दबकतच खाली गेला.

"दाब की. मागे कोणी नाहीये."

गाडीनं उसळी घेतली. पुढच्या टेम्पोवाल्यानं आरशात शववाहिनी सुसाट येताना पाहिली आणि तो घाईघाईनं कडेला झाला. "मला न्यायला आली म्हणून घाबरला बिचारा," मिस्त्री पोट धरून हसत सुटला. सावकाशचेही ओठ जरा हलले. त्यानं चौथा टाकला, मग पाचवा. पाचवा कसा पडतो हे तो विसरूनच गेला होता.

संध्याकाळी जेवताना बायकोनं विचारलं, "झाली का गाडी?"

"झाली," तो म्हणाला, आणि पुढचा घास हातातच राहिला. मग वडिलांच्या दिवसाचं तो सांगू लागला. चढावर गाडी कशी जड झाली, वळणावर मागे स्ट्रेचर कसं करकरलं आणि तो उगाचच "धरून बसा बाबा" म्हणाला. एखाद्या गिऱ्हाइकाचं सांगावं तसं, सपाट आवाजात. डोळे कोरडेच होते.

बोलणं संपेपर्यंत अन्न गार झालं होतं. बायकोनं त्याचं ताट उचललं आणि गरम करायला आत नेलं.