पेवातली घुमघुम

लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात माझी झोप गेली. तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, भोकरदनकडच्या आमच्या गावात दिवे मालवले की जमिनीखालून घूंऽऽ असा आवाज यायचा. लांब कुणी रिकामं जातं ओढत बसावं तसा. कानापेक्षा दातांनाच जास्त कळायचा. बाकी कुणाला ऐकू येत नव्हता. नवऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नसे, त्याची साक्ष काय कामाची!

आधी भीती वाटली, मग काहीच वाटेना. तव्यावर बोट भाजलं की बोटाकडे नुसती बघत राहायची. माहेराहून बहिणीच्या लग्नाचं बोलावणं आलं. ‘बरं’ म्हटलं आणि भाकरी उलटली. मला एक झोप हवी होती, बस. पण ही बाई सातवी पास, फार हुशार! अंगणात पालथी पडून, जमिनीला कान लावून तिनं शोध लावला: आवाज पेवातून येतो.

पेव म्हणजे अंगणाखालचा ज्वारीचा खड्डा. तोंडावर फरशी, फरशीवर माती लिंपलेली. मनाला येईल तेव्हा ते उघडत नाहीत. एकदा हवा लागली की सगळी ज्वारी बाहेर काढावी लागते, आणि ती आंबूस ज्वारी घरातच खाऊन संपवावी लागते.

“आत्याबाई, पेवात काहीतरी घुमून राह्यलंय,” मी सासूला म्हटलं.

“ज्वारी घुमती व्हय गं? मंग तूर काय नाचती?”

पण काही दिवस माझे डोळे बघितल्यावर तीच सासऱ्यांना म्हणाली, “उघडा एकदाचं. न्हाईतर ही पोरगी अंगण उकरंल.”

फरशी काढून रात्रभर वाईट हवा जाऊ दिली. सकाळी आत कंदील सोडला, तो विझला नाही, मग दीर उतरला. मी काठावर कान लावून पडले. आत दीर खोकत होता. बाकी काही नाही.

आंबूस वासाची ज्वारी अंगणभर पसरली. शेजारच्या बायका पाखडायला आल्या. सुपं वाजत होती, गप्पा चालल्या होत्या, आणि मी तिथंच ढिगाला टेकून झोपले. दिवेलागणीला उठले तर गालावर दाणे रुतलेले. सासूनं बायकांना बजावलं होतं, “उठवू नका तिला. ही झोप आपल्याला लई महागात पडली.”

त्या रात्री पुन्हा घूंऽऽ.

“आता काय उघडायचं?” सकाळी सासूनं विचारलं. “इहीर?”

पुढं कितीतरी महिने घरादारानं आंबूस भाकरी खाल्ली. नवरा ताटावर बसला की म्हणायचा, “तुझा आवाज खाऊन राह्यलो.” मला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही.

सासू मात्र रात्री माझ्या उशाशी सूप घेऊन बसायला लागली. सुपात मूठभर दाणे. तेच ते पाखडायची, पुन्हा पुन्हा.

आवाज कसला होता, कुणाला सांगता आलं नाही. कुणी म्हणे विहिरीवरची मोटार, कुणी म्हणे माझं डोकं. नातवंडं विचारतात, “आजी, मंग तो बंद कधी झाला?”

मला काय माहीत? झोपले असणार मी.